राजरत्न शेजवळांचा एकट्याने केलेला प्रवास

राजरत्न शेजवळांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने प्रवासाला जायचं ठरवलं, तेव्हा त्या प्रवासाची सगळी तयारी त्यांच्या बायकोने केली.

यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. दर्शनाला वाटलं, पण ती बोलली नाही. न बोलता नवऱ्याकडे बघत राहायची तिला सवय झाली होती, आणि निवृत्तीनंतर तर तिला दुसरा विरंगुळाच उरला नव्हता. ती शाळेत पर्यवेक्षिका होती, ते बँकेत अधिकारी. दोघंही वर्षाच्या अंतराने निवृत्त होऊन डोंबिवलीत मानपाड्याच्या सोसायटीत दिवसभर समोरासमोर बसायला लागले आणि दर्शनाच्या लक्षात आलं की ह्या माणसाला आपण आजवर फक्त संध्याकाळचा बघितला होता. पूर्ण दिवसाचा बघायला मिळाला असता तर कदाचित लग्नच झालं नसतं.

राजरत्नांना मोबाईलवर व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. कुठल्यातरी डोंगरावर उभा असलेला दाढीवाला पोरगा दोन्ही हात पसरून सांगायचा, निघा, एकटे निघा, स्वतःला शोधा. राजरत्न सकाळचे पोहे खाता खाता ऐकायचे आणि चमचा हवेत धरून म्हणायचे, "दर्शना, माणसाने एकदा तरी एकट्याने निघालं पाहिजे. त्याशिवाय स्वतःशी ओळख होत नाही."

ज्याला स्वतःचा बनियन कुठल्या खणात असतो ते ठाऊक नाही, त्याने ओळख करून घ्यायला घरातल्या कपाटापासून सुरुवात करावी, असं दर्शनाच्या मनात यायचं. तोंडाने ती म्हणायची, "अजून वाढू का?"

त्यांनी पाठीवरची सॅक आणली. सॅक एवढी अवाढव्य की तीत त्यांची बायको मावली असती, आणि खरं सांगायचं तर त्यांना तेच बरं पडलं असतं. डोक्याला बांधायचा दिवा आणला. दहा खिशांची पँट आणली आणि कुठल्या खिशात काय ठेवलं ते विसरू नये म्हणून दर्शनाला पाठ करायला लावलं. श्रीवर्धनला समुद्राजवळ एका घरगुती ठिकाणी खोली ठरवली, म्हणजे ठरवायला संचिताला लावली. संचिता त्यांची मुलगी, नोकरीला पुण्यात. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांना खरंच जमेल ना गं?"

"न जमायला काय झालं? बसायचंय नुसतं गाडीत," दर्शना म्हणाली.

आजवरचे त्यांचे सगळे प्रवास तिला डोळ्यांसमोर दिसत होते. पुढे रिकाम्या हातांनी हे, मागे दोन पिशव्या घेऊन ती. तिकिटं तिच्या पर्समध्ये, गोळ्या तिच्या पर्समध्ये, खोलीची किल्लीही तिच्याच पर्समध्ये. मध्येच हे मागे न बघता नुसता हात पसरायचे, की त्या हातात पाण्याची बाटली यायची. लोकांना मात्र हे सांगायचे, मी अर्धा भारत पालथा घातला. त्या अर्ध्या भारतात आपल्या पाठीमागे कोण चालत होतं, हे त्यांनी वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ती स्वतः? तीही कधी एकटी कुठे गेली नव्हती. परीक्षेला भाऊ सोबत, शाळेच्या प्रशिक्षणाला नाशिकला तीन बायका सोबत, बाकी सगळीकडे हे. पण तिने कधी भाषणं ठोकली नव्हती.

भाषण झालंच. सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या कट्ट्याने समारंभ ठेवला. परत आल्यावर करायचा सत्कार लोकांनी जायच्या आधीच उरकून घेतला. सेक्रेटरी सलिल पेडणेकरांनी शाल घातली, नारळ दिला आणि शेजवळसाहेब म्हणजे आपल्या सोसायटीचं भूषण आहेत असं सांगितलं. ह्याच पेडणेकरांनी मागल्या महिन्यात पार्किंगवरून साहेबांची गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. टाळ्या वाजल्या. राजरत्न म्हणाले, "मित्रहो, एकटेपणाला घाबरतो तो माणूस नव्हे." पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. दर्शनाने बटाटेवड्याच्या ताटल्या मोजायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी एकट्याने प्रवासाला चाललेल्या माणसाला ठाण्याला खोपटच्या डेपोपर्यंत पोचवायला बायको लागली. टॅक्सीत त्यांनी तीनदा विचारलं, गाडी हीच ना, जागा खिडकीचीच ना, आणि उतरल्यावर आधी फोन कोणाला करायचा. गाडीवर श्रीवर्धन असा ठसठशीत फलक होता. तिने सॅक ढकलत ढकलत आत नेली, त्यांना सीटवर बसवलं, पाण्याची बाटली हाताशी ठेवली.

"काकू, तुमचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"मी नाही येत. हे एकटेच आहेत."

"मग उतरा ना पटकन. गाडी काढायचीय."

ती खाली उतरून खिडकीखाली उभी राहिली. राजरत्न काचेतून तिच्याकडे बघत होते. हा चेहरा तिने खूपदा बघितला होता, जून महिन्यात, पहिलीच्या वर्गात. आई फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत गप्प बसणारी आणि मग एकदम भोकाड पसरणारी पोरं असतात, त्यांचा. तिने हात हलवला आणि गाडी वळायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. पोहोचलो. समोर अथांग सागर. शब्द नाहीत. खाली समुद्राचा फोटो. दर्शनाने फोन केला.

"जेवलात का?"

"रेंज नाही गं इकडे," ते घाईघाईत म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली, आणि पाठोपाठ कुठल्यातरी मालिकेचं शीर्षकगीत. रेंज नसलेल्या गावात एवढं सगळं स्वच्छ ऐकू येतंय, म्हणजे गाव चांगलं असणार, असं मनाशी म्हणून ती झोपली.

सकाळी रंभाताईंचा फोन आला. रंभाताई म्हणजे राजरत्नांच्या थोरल्या बहीण. मोहन्याला राहायच्या. त्यांचे यजमान तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, ते गेल्यावरही ताईंनी आपल्या दोन खोल्या सोडल्या नव्हत्या.

"दर्शना, ह्याला इसबगोल रात्री देतेस का सकाळी गं? विचारलं तर सांगत नाय, नुसता तोंड फुगवून बसलाय."

"कोणाला, ताई?"

ताई म्हणाल्या, "अगं बाई," आणि फोन बंद झाला.

दर्शना तशीच उठली, कल्याणपर्यंत एक रिक्षा आणि पुढे दुसरी असं करत मोहन्याला पोचली. कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडेने रिक्षा चालली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तसं तिने ओढणी तोंडाला लावली. पण ताईंच्या दारात पोचेपर्यंत ते हसू कुठेतरी सांडून गेलं होतं.

"जय भीम, ताई."

"जय भीम. ये. आतच हाय," रंभाताई म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. भावाची बाजू घ्यायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

राजरत्न कॉटवर पाय वर घेऊन बसले होते. अंगात दहा खिशांची पँट, हातात ताटली, ताटलीत सुकटीची चटणी आणि भाकरी. समोर टीव्ही. कोपऱ्यात सॅक उभी, पट्टाही सोडला नव्हता.

"तू इकडे कशी?" त्यांनी विचारलं.

"समुद्र बघायला आले."

त्यांनी ताटली खाली ठेवली. टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला. "म्हणजे त्याचं असं झालं," ते म्हणाले, "पनवेलला गाडी थांबली. मी लघवीला उतरलो. परत आलो, गाडी समोर उभी. आणि पाठ धरली एकदम. अशी चमक भरली ना, की पाऊलच उचलेना."

"पाठबिठ काय नाय," रंभाताई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या. "रिक्षातून उतरला तेव्हा डोळे सुजलेले. सांग की तिला. बायकोच हाय."

"ताई, तू गप्प बस."

दर्शना स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होती. त्या क्षणी ते नुसतं घाबरलो म्हणाले असते, तर ती हसली असती. त्यांची सॅक उचलून त्यांना घरी घेऊन गेली असती, सोसायटीला ताप आला म्हणून सांगितलं असतं, आणि पुढची कित्येक वर्षं ह्या गोष्टीवर दोघं मिळून हसली असती. तिने वाटही बघितली. चहा उकळेपर्यंत बघितली.

"तसं बघायला गेलं तर," राजरत्न म्हणाले, "पनवेलपर्यंत मी एकटा गेलेलोच की."

"हो."

"आणि तिथून इथपर्यंतसुद्धा एकटाच आलो. तेही सॅक घेऊन." मग त्यांचा चेहरा उजळला. "तू आलीस ते बरं झालं. मला एक सुचलंय. बुकिंग तर रविवारपर्यंत आहे. आपण दोघं जाऊ. माझे फोटो तू काढ. फक्त फ्रेममध्ये यायचं नाही."

रंभाताईंनी कपात चहा ओतता ओतता हात थांबवला.

दर्शनाला राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी लागतं. तिला आत काहीतरी गार होत गेल्यासारखं वाटलं, आणि त्या गारव्यात सगळं अगदी स्पष्ट दिसायला लागलं. कॉट, पँट, सुकटीचा तुकडा लागलेली हनुवटी. हाच तो अर्धा भारत पालथा घातलेला माणूस.

तिने चहा संपवला, कप धुऊन ठेवला. "तुम्ही रविवारपर्यंत इथेच राहा," ती म्हणाली. "सोसायटीत दिसलात तर पंचाईत होईल. मी जाते."

"घरी?"

"श्रीवर्धनला."

ते हसले. मनापासून हसले. "तू? एकटी?"

रंभाताई म्हणाल्या, "जा गं जा. ह्याला मी सांभाळते. इसबगोल तेवढा सांगून जा."

दुसऱ्या दिवशी दर्शना पुन्हा खोपटला उभी होती. शाळेत न्यायची तीच कापडी पिशवी, तीत दोन ड्रेस, टॉवेल, चिवड्याचा डबा. मनात कसलाही उत्साह नव्हता. स्वतःला शोधायचं वगैरे तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. ह्या माणसाला जे जमलं नाही ते किती फालतू असतं, एवढंच तिला बघायचं होतं. गाडीत बसायचं, तिकीट काढायचं, उतरायचं. शेळ्यासुद्धा करतात.

"एकट्याच?" कंडक्टरने विचारलं.

"दिसत नाही का?"

पनवेलला ती खाली उतरली नाही. उतरायला वेळ होता, पण मुद्दाम नाही. खिडकीतून त्या फलाटाकडे बघत राहिली, जिथे एका निवृत्त अधिकाऱ्याची पाठ धरली होती. शेंगदाणे विकणारे, सामोसे विकणारे, कडेवर पोर घेऊन धावत गाडी पकडणाऱ्या बाया. ह्यातल्या एकाचीही पाठ धरलेली दिसत नव्हती.

माणगावला मात्र उतरावंच लागलं. पिशवी सीटवर ठेवून ती बाथरूमला गेली. रांग होती. बाहेर आली तर गाडी जागेवर नव्हती.

जिथे गाडी उभी होती तिथे दुसरीच एक लाल गाडी उभी, फलक वेगळा, माणसं वेगळी. पिशवी गेली, चष्मा गेला, आणि आपण कुठल्या गावात उभ्या आहोत हेसुद्धा तिला क्षणभर आठवेना. कान भरून आले. आजूबाजूला एवढी माणसं, पण कोणाला विचारावं, काय विचारावं, तोंडातून शब्द फुटेना. मुलांच्या फौजेला एका नजरेत गप्प करणारी बाई ती, आणि तिचे गुडघे लटपटत होते. हात आपोआप पर्सकडे गेला, बोटाने आपोआप नाव दाबलं. फोन वाजायला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कोणाला फोन लावलाय. पनवेलच्या पुढे न गेलेल्या माणसाला.

त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं? गाडी चुकली?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चुकली ना? मी म्हणत नव्हतो?" राजरत्नांच्या आवाजात एकदम जीव आला होता. "अगं, दिसतं तेवढं सोपं नसतं ते! लोक बोलतात नुसते. आता असं कर, उगाच पुढे जाऊ नकोस. तिथून पनवेलची गाडी बघ आणि सरळ परत ये. ताई, ए ताई! गाडी चुकली बघ हिची!"

त्या शेवटच्या वाक्यात असा उल्हास होता, जसा संचिता दहावीला पहिली आली तेव्हाही नव्हता.

तेवढ्यात कँटीनच्या मागून कोणीतरी ओरडलं, "ओ श्रीवर्धन! ओ बाई! चला, तुमच्यासाठी थांबलोय!" गाडी तिथे मागे सावलीला नेऊन लावली होती. कंडक्टर पायरीवर उभा राहून हात हलवत होता.

"ठेवते," दर्शना म्हणाली.

सीटवर पिशवी होती तशीच होती. ती तिने मांडीवर घेतली आणि घाट लागेपर्यंत घट्ट धरून बसली. पनवेलला नेमकं काय झालं असेल, ते आता तिला शब्दन्‌शब्द कळलं होतं. गाडी समोर उभी असून पाऊल का उचललं नसेल, तेही कळलं. आणि कळूनसुद्धा तिला त्यांची दया आली नाही. भीतीचं काय, भीती तिलाही वाटली होती, रडूही आलं असतं. पण बायको परक्या गावात हरवली म्हणून त्या माणसाला आनंद झाला होता. तो आनंद त्याला लपवतासुद्धा आला नव्हता.

श्रीवर्धनला ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या सरोजताई ओटीवर नारळ सोलून घेत उभ्या होत्या. त्यांनी दर्शनाला बघितलं, मग तिच्या मागे बघितलं.

"शेजवळ?"

"मीच."

"नाही, बुकिंग सरांचं होतं ना. ते सोलो का काय म्हणालेली तुमची मुलगी."

"सोलोच आहे."

सरोजताई घुटमळल्या. "तसं काही नाही हो, पण एकट्या बाईमाणूस म्हणजे, आमचे हे विचारतील. एकदा मिस्टरांशी बोलून घेऊ का फोनवर?"

"तुमचे हे माझ्या ह्यांना काय विचारणार?" दर्शना म्हणाली. "मी आले का, एवढंच ना? ते मलाच विचारा. आले मी."

सरोजताईंनी किल्ली काढून दिली. नंतर मात्र जेवायला त्यांनी सुरमईचा मोठा तुकडा वाढला, आणि वाढून झाल्यावर समोर बसून नवऱ्याविषयी तक्रारीही केल्या. दर्शनाने त्यातल्या फारशा ऐकल्या नाहीत. जगात एवढे नवरे आहेत, प्रत्येकाचं ऐकत बसायचं तर जेवण निवायचं.

संध्याकाळी ती वाळूत जाऊन बसली. आता काय करतात ते तिला माहीत नव्हतं. त्या दाढीवाल्या पोराने सांगितलेलं काहीच होईना. कुठली ओळख होईना, अंगावर काटा येईना, आत्मा बित्मा भेटेना. पाण्यात पाय घातले, ओले झाले. सुरूच्या बनात दोन कुत्री भांडत होती. खरं म्हणजे ती कंटाळली. एवढ्यासाठी जग दोन्ही हात पसरून व्हिडिओ करतं, ह्याचं तिला नवल वाटलं. खूप वेळाने तिच्या लक्षात आलं की अंधारत आलंय, आपण कधीपासून इथे बसलोय, आणि इतक्या वेळात आपल्याकडे कोणी काही मागितलेलं नाही. ती आणखी थोडा वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन मागून येत होतं आणि पाणी स्वच्छ दिसत होतं, म्हणून तिने एक फोटो काढून संचिताला पाठवला. लगेच फोन आला. सगळी हकीकत ऐकून संचिता आधी किंचाळली, मग हसली, मग म्हणाली, "आई, बाबांना मी हा फोटो पाठवते. बघू देत."

राजरत्नांनी बघितला. आणि दुपारपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलं होतं, आजची सकाळ. मी आणि समुद्र. तिसरं कोणी नाही.

दर्शना तेव्हा ओटीवर सोलकढी पीत होती. फोटोत खाली वाळूवर तिची स्वतःची लांब सावली पडली होती. वेणी दिसत होती. ओढणी वाऱ्याने बाजूला उडालेली दिसत होती. आणि त्याखाली मेसेजांचा पूर. वा सर! एकांताचा राजा! पेडणेकरांनी लिहिलं, साहेब, सावलीसुद्धा किती बोलकी! रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये अनुभवकथन. सर्वांनी वेळेवर यावे.

ती इतक्या मोठ्याने हसली की सरोजताई आतून धावत आल्या. सावलीला ओढणी आहे हे त्या सगळ्या इमारतीत एकालाही दिसलं नव्हतं. एवढी शिकलेली माणसं, दोघे तर डोळ्यांचे डॉक्टर.

रविवारी सकाळी राजरत्नांचा फोन आला. आवाज दबका होता.

"दर्शना, कोणी विचारलं तर, जेवायला काय असतं तिथे?"

"सुरमई. सोलकढी. उकडीचे मोदक सांगितले तर देतात."

"वाळू काळी का पांढरी?"

"काळसर."

कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. "आणि सूर्य? पेडणेकर विचारत होते, सूर्योदय बघितला का म्हणून. सूर्य समुद्रातून वर येतो का गं तिथे?"

दर्शनाने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा बघून घेतलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"येत असेल की."

"मग तसं सांगा."

"बरं. तू किती वाजेपर्यंत पोचतेस? मी हॉलमध्ये एकटाच कसा, म्हणजे शाल वगैरे धरायला कोणीतरी लागतं ना."

"मी दिघीच्या जेट्टीवर आहे. इथून पलीकडे बोट जाते. तिकडून मुरूडला जावं म्हणते."

"मुरूड? मुरूड आपल्या बुकिंगमध्ये नव्हतं!"

"नव्हतं."

"मग मी लोकांना काय सांगू?"

"तुम्ही मुरूडला गेला नव्हतात," दर्शना म्हणाली. "श्रीवर्धनपर्यंतचंच सांगा."

बोटीवर गाड्या चढत होत्या, माणसं कडेकडेने उभी राहत होती. मधेच पाणी बोटीवर उडालं आणि ती दचकून मागे सरकली. पलीकडे कुठे राहायचं, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. भीती वाटत होतीच. माणगावएवढी नव्हे, पण होती. तिने कठडा धरला.

ती मंगळवारी घरी आली. फाटकातच खालच्या मजल्यावरची मैथिली भेटली. नवीन लग्न होऊन आलेली, बोलकी पोर.

"काकू, तुम्ही नव्हतात रविवारी! काका काय बोलले माहितीये! समुद्रातून सूर्य वर येताना मी स्वतःलाच उगवताना पाहिलं, असं म्हणाले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते."

"उभे राहून?"

"हो ना. आणि ते माणगावचं! गाडी गेली, पिशवी गेली, गुडघे लटपटतायत, पण मी डगमगलो नाही. माझ्या सासूबाई रडल्या."

दर्शना थांबली. पिशवीचं आणि गुडघ्यांचं तिने त्यांना सांगितलं नव्हतं. संचिताला सांगितलं होतं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि काकू, तुम्हाला पण त्यांनी एकटीला पाठवलं म्हणे? म्हणाले, मी हिलासुद्धा तयार केलंय. मी नसतो तर ही डोंबिवलीच्या बाहेर पडली नसती."

वर गॅलरीत राजरत्न उभे होते. कोणाच्या तरी पोराला हाताने लाटा दाखवत होते. तिला बघून त्यांनी हात उंचावला, जरा बेतानेच. ते घाबरले होते. एका वाक्याचं काम होतं. मैथिलीला सांगायचं, रात्रीपर्यंत सगळ्या मजल्यांवर गेलं असतं. पण मग लोक विचारायला आले असते, हे पाठ धरून बसले असते, पेडणेकरांनी समजूत काढायला बैठक बोलावली असती, आणि पुन्हा दिवसच्या दिवस ह्याच माणसाविषयी बोलण्यात गेले असते. एवढी त्याची लायकी नव्हती.

"खरंय," दर्शना म्हणाली. "त्यांच्यामुळेच गेले."

पुढच्या महिन्यात ती कल्याणच्या स्टँडवरून जुन्नरला गेली, लेणी बघायला. जाताना स्वयंपाकघरातल्या फळ्यावर जेवणाचं काय ते लिहून ठेवलं आणि निघाली. घाटात धुकं होतं, शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरून घेतलं, आणि तिनेही खांदा हलवला नाही. त्याच दिवशी राजरत्न शेजवळांचं खडकपाड्याच्या एका सोसायटीत व्याख्यान होतं. विषय, एकट्याने प्रवास कसा सुरू करावा. त्यांना न्यायला आयोजकांनी गाडी पाठवली होती, आणि सोबतीला एक माणूस.